रसाचा गुण

५ जानेवारी, रविवार

दोनशे बहात्तर! कोलेस्टेरॉल. विक्रमचं.

रिपोर्ट हातात धरून असा बसला होता, जसं काही कुणी त्याच्यावर खोटी केस टाकलीय. "लॅबवाल्यानं बाटल्या बदलल्या असत्याल." बाटल्या! दुकानातून येताना रोज फरसाणची पुडी, बुधवारी-रविवारी मटण, वर तर्री पिऊन वाटी चाटायची — आणि दोष बाटल्यांचा.

डॉक्टरीणबाई सरळ बोलली. रोज रात्री एक गोळी. तेलकट बंद. चालायला जा. मग विचारलं, "तुमचे वडील कितव्या वर्षी गेले?" मीच सांगितलं, बावन्नाव्या. कांद्याला पाणी धरता धरता बांधावर बसले ते उठलेच नाहीत. विक्रमला आता चोपन्न.

बाहेर आल्यावर मला म्हणतो, "तुला कुणी मधी बोलायला सांगितलं हुतं?"

तोंडावर मी 'अहो' म्हणते. लग्न झाल्यापासून म्हणतेय. इथं मात्र विक्रमच लिहिणार, आणि अरे-तुरेच करणार. इथं कोण बघतंय!

८ जानेवारी

गोळ्या सुरू. आणि लगेच पाय दुखायला लागले म्हणे. पोटऱ्यांत गोळे येतात. "गोळीनं गोळे!" — स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसला.

एक गोळी गिळताना चेहरा असा करतो, जसं आमच्या सगळ्या यवत गावाचं विष हाच पचवतोय.

१२ जानेवारी, रविवार

शिरूरला शिबिराला गेला होता. 'रसाहार आणि हृदय'. दुकानातल्या कुण्या गिऱ्हाइकानं ओढून नेलं. चौफुल्यावरून न्हावरे, तिथून शिरूर — एरवी माझ्या माहेरच्या लग्नाला जायचं म्हटलं की तो रस्ता खराब असतो. आज नव्हता.

संध्याकाळी आला तो खोकं घेऊन. रस काढायचं मशीन. आणि तोंडात एकच नाव — ज्ञानेश सर. ज्ञानेश सर म्हणाले, फळाचा रस रक्तवाहिन्या धुतो. ज्ञानेश सर म्हणाले, गोळी कोलेस्टेरॉल दाबते, रस उपटून काढतो. आपला हा तर पाइप-मोटारी विकणारा, त्याला लगेच पटलं. "आगं, ठिबकची नळी चोंदली की आपन ॲसिड सोडतो का न्हाई? तसंच!"

मी म्हणाले, नळीला दुखत नाही, तुम्हाला दुखेल.

हा ज्ञानेश मला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी न्हावऱ्याला पाणी शुद्ध करायची मशिनं विकत होता. त्याआधी विमा. आता सर झाला!

१३ जानेवारी

रस विक्रम पितो. काढते मी.

डाळिंब सोला, दाणे काढा, संत्र्याच्या बिया काढा, मशीन लावा, गाळा, परत मशीन उघडून धुवा. त्या जाळीत चोथा असा अडकतो की टूथब्रशनं काढावा लागतो. हा टेबलावर बसून मांडीवर ताल धरतो. ग्लास संपला की "आहा!" आणि छातीवरून हात फिरवतो. लगेच गुण!

उरलेला चोथा म्हशीला घालते. सगळा कस त्यातच असणार. म्हशीचं हृदय ठणठणीत होईल आमच्या.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ नको म्हणाला — "साखर हाय त्यात." मग दोन मोठे ग्लास मोसंबीचा रस प्यायला. तो काय कडुनिंबाचा होता?

१९ जानेवारी, रविवार

शाळेच्या मैदानावर सकाळी चालणाऱ्या बाप्यांचं टोळकं आहे. विक्रम आता त्यांचा पुढारी. आधी फेऱ्या, मग झाडाखाली बसून रसावर प्रवचन. सोसायटीच्या निवडणुकीत पडल्यापासून याला कुणी ऐकणारं नव्हतं, आता मिळालं.

टोळक्यात हौसराव आप्पासुद्धा. आमच्या शेजारचे, भिंतीला भिंत. कारखान्यावर वजनकाट्याला होते, आता घरीच असतात. दोन वर्षांखाली छातीत दुखलं, हडपसरला नेऊन स्टेंट बसवली. साधा माणूस. कुणी काही सांगितलं की "आसंल बाबा" म्हणतो आणि ऐकतो.

त्यांची बायको, साखरवहिनी — गल्लीत एकच बाई आहे जिच्याशी बोलावंसं वाटतं. बाकीच्या नुसत्या कान घेऊन येतात. आज कट्ट्यावर म्हणाली, "आमचं म्हातारं पन रस मागाय लागलंय बाई. मी म्हनलं, पेरू खा की चावून, दात हायत आजून."

वहिनीला रिपोर्ट वाचता येत नाही, पण अक्कल आहे.

२३ जानेवारी

कचऱ्याच्या डब्यात गोळ्यांची पाकिटं सापडली. सगळी. भरलेली.

विचारलं. "मी फेकल्यात. पाय दुखत्यात त्यानं. आन् तुला काय कळतंय? त्या माणसानं हजारो लोकांचं हृदय वाचवलंय."

"कोण हजारो? एकाचं नाव सांगा."

"तुझ्याशी बोलण्यात अर्थ न्हाई."

अर्थ नसतोच. याचे वडीलही असंच म्हणायचे. मग बांधावर बसले.

मला भीती वाटते का? वाटते. हे फक्त इथं लिहिते. माणूस चीड आणतो, पण सकाळी उठून पलंगाची ती बाजू रिकामी बघायची — नको. याला मरायचं असेल तर माझ्यानंतर मर म्हणावं.

२६ जानेवारी, रविवार

झालं. केलं.

काल डॉक्टरीणबाईची चिठ्ठी घेऊन चौफुल्याला गेले, तिथल्या मेडिकलातून गोळ्या आणल्या. यवतमध्ये घेतल्या असत्या तर मी घरी पोचायच्या आत विक्रमला कळलं असतं. आज सकाळी एक गोळी वेलदोड्याच्या खलबत्त्यात कुटली आणि डाळिंबाच्या रसात सोडली. चमच्यानं ढवळली. काळं मीठ आणि आलं जास्त घातलं.

तो प्यायला. "आहा!" छातीवरून हात. "आज लई भारी झालाय. काय घातलंस?"

"आलं."

मी मोरीत जाऊन हसले. पी बाबा, पी! तुझे ज्ञानेश सर एका बाजूला आणि माझा खलबत्ता एका बाजूला!

११ फेब्रुवारी

रोज गोळी जातेय पोटात. पाय? पाय अजिबात दुखत नाहीत! मैदानाला सहा-सहा फेऱ्या मारतो. "बघ, गोळ्या सोडल्या आन् पाय मोकळं झालं."

काय बोलावं! अशा माणसाला फसवण्यात मजासुद्धा नाही. गाईच्या वासराला फसवल्यासारखं.

२ मार्च, रविवार

ज्ञानेश सर आमच्या घरी जेवायला! मी त्याला कलिंगडाचा रस दिला. त्यानं दोन घोट घेतले आणि हळूच म्हणाला, "वहिनी, चहा मिळंल का?"

साखर दोन चमचे.

२३ मार्च, रविवार

रिपोर्ट. एकशे अडुसष्ट!

विक्रम दवाखान्यातच ओरडला. डॉक्टरीणबाईपण खूश. "गोळीनं छान काम केलंय, चालू ठेवा." विक्रमनं माझ्याकडं बघून डोळा मारला — म्हणजे, बघ, हिला वाटतंय गोळी! मीही मान खाली घालून हसले. एका खोलीत तीन माणसं, तिघांना तीन वेगळ्या गोष्टींचा आनंद.

पण बाईनं पुढं जे सांगितलं ते यानं ऐकलंच नाही. रक्तातली दुसरी चरबी, ट्रायग्लिसराइड, ती तीनशेच्या वर गेलीय. उपाशीपोटीची साखर काठावर आलीय. "तुम्ही रस किती पिता?" यानं अभिमानानं सांगितलं. बाईनं पेन खाली ठेवलं. "अहो, चार संत्री तुम्ही बसून खाल का? नाही खाणार. पण रस करून एका मिनिटात पिता. चोथा टाकता आणि गोड पाणी पिता. फळ चावून खा. रस बंद करा."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हणाला, "ह्यांना कंपनीचं कमिशन आसतंय गोळीवर."

घरी येऊन रिपोर्टच्या वरच्या ओळीचा फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. नुसती वरची ओळ. खालची बोटानं झाकून.

३० मार्च, रविवार

पाडवा. मैदानावर विक्रमचा सत्कार! शाल, नारळ, आणि वर एक कप. ज्ञानेश सर शिरूरहून आले. विक्रमनं माईक धरला. "मी एकबी गोळी घेतली न्हाई. एकबी न्हाई! नुसत्या रसावर शंभर पॉइंट खाली आनलं!" टाळ्या.

मी पुढच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मीच. कुणाला माहीत होतं, सत्कार माझ्या खलबत्त्याचा चाललाय म्हणून! शाल त्याच्या खांद्यावर, आणि तो त्या शालीत असा उभा, जसा पोळ्याचा बैल झुलीत. इतका मूर्ख माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. आणि तो माझा नवरा आहे, याची मला आज पहिल्यांदा मजा वाटली.

हौसराव आप्पा टाळ्या वाजवत नव्हते. टक लावून ऐकत होते.

६ एप्रिल, रविवार

साखरवहिनी आली होती. कैरीचं लोणचं घेऊन. बसली, पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "सविता, आमच्या ह्यांनी गोळ्या सोडल्या."

"कधी?"

"पाडव्यापास्नं. म्हंत्यात, विक्रमचं बघ, एक गोळी न घेता कसा घोडा झाला. मी लई सांगितलं. स्टेंट बसवली तवा डॉक्टरांनी बजावलं हुतं, ह्या गोळ्या सोडायच्या न्हाईत." मग माझ्याकडं सरळ बघितलं. "तू घरातली हाइस. मला खरं सांग. विक्रमभाऊ खरंच गोळी घेत न्हाईत?"

मी म्हणाले, "न्हाई."

असं पटकन निघालं. म्हणजे खोटं कुठं आहे? तो घेत नाहीच. मी देते.

लगेच पुढं म्हणाले, "पण आप्पांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय काय करू नये. प्रत्येकाची तब्येत वेगळी असते." वहिनी म्हणाली, "तेच की गं." आणि निघून गेली.

सांगितलं असतं तर? विक्रमला कळलं असतं. रस माझ्या हातचा प्यायला नसता, गोळीही नाही, आणि मैदानावर तोंड दाखवायला जागा उरली नसती त्याला. आणि माझ्यावर थुंकला असता तो वेगळाच.

आणि आप्पा काय कुक्कुलं बाळ आहेत? कारखान्याच्या काट्यावर आयुष्य घालवलं, एक पाव इकडंतिकडं होऊ दिला नाही, आणि शाल पांघरलेल्या माणसाचं ऐकून गोळ्या टाकतात! ज्याला त्याला देवानं डोकं दिलंय.

९ एप्रिल

जेवताना सहज म्हणाले विक्रमला, "आप्पांना गोळ्या घ्यायला सांगा की तुम्ही. त्यांचं वेगळं आहे, त्यांच्या छातीत स्टेंट आहे. तुमचं ऐकतील."

भाकरी मोडता मोडता थांबला. माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता ओरडणार. ओरडला नाही.

"आप्पांचं आप्पा बगतील," म्हणाला, आणि ताटाकडं वळला.

पुढारीपण जाईल ना! लोक म्हणतील, रस सोडून गोळी सांगायला लागला. मैदानावरचे पंधरा म्हातारे म्हणजे याचा मतदारसंघ.

१८ एप्रिल

आप्पा दिसले, दळण घेऊन येत होते. डबा स्वतःच्या खांद्यावर. "काय सविता, बग, एकदम हलकं वाटाय लागलंय."

मी म्हणाले, "गोळ्या घ्या आप्पा."

"आता तू पन डॉक्टरीन झाली का?" हसले. गेले.

सांगितलं मी. सांगितलं ना? तिथंच, रस्त्यात.

१ मे

आंबे सुरू. आता आमरससुद्धा 'रसाहारात' बसतो म्हणे! वाट्याच्या वाट्या. ज्ञानेश सरांनी परवानगी दिली. या लोकांचं शास्त्र जिभेला विचारून ठरतं.

११ मे, रविवार

हौसराव आप्पा.

सकाळी मैदानावरून येताना आमच्याच फाटकापाशी थांबले. मी रांगोळी काढत होते. म्हणाले, "सविता, जरा पानी दे गं." घाम असा गळत होता की सदरा अंगाला चिकटलेला. मी तांब्या आणेपर्यंत खाली बसले होते. एक हात छातीवर, एक माझ्या रांगोळीत.

विक्रमनं गाडी काढली. वहिनी मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन. मी पुढं. लोणीपर्यंत विक्रम नुसता हॉर्न दाबत होता. वहिनी एकसारखी म्हणत होती, "आवं, डोळं उघडा. आवं, माझ्याकडं बगा."

हडपसरच्या डॉक्टरनं बाहेर येऊन विचारलं, "यांच्या गोळ्या चालू होत्या ना?"

वहिनी म्हणाली, "न्हाई. सोडल्या हुत्या."

"का?"

वहिनीनं विक्रमकडं बघितलं. मग माझ्याकडं. डॉक्टर वाट बघत उभा. शेवटी तीच म्हणाली, "आमालाच अक्कल न्हाई, सायेब."

स्टेंटमध्ये गुठळी झालीय. चोंदलीय.

१४ मे

आप्पा गेले.

१५ मे

काल संध्याकाळी यवतलाच झालं सगळं. ज्ञानेश सर आले होते, पांढरेशुभ्र कपडे घालून. मागं उभं राहून कुणाला तरी सांगत होते, "आप्पांनी पथ्य पाळलं नव्हतं. मीठ सोडलं नव्हतं त्यांनी. रसाचा दोष न्हाई."

मला वाटलं, सरणातलं लाकूड ओढून याच्या तोंडात घालावं.

मग वाटलं, मी कोण घालणारी?

१६ मे

मी रस केला नाही. विक्रमनं मागितला नाही. मशीन ओट्यावर तसंच आहे. गोळी पाण्याबरोबर ताटाशेजारी ठेवली, काही न बोलता. त्यानं घेतली, काही न बोलता.

मला वाटलं, घाबरला. आप्पांना बघून शहाणा झाला. एवढं सोपं होतं शहाणं होणं! फक्त एक माणूस जायला लागला.

२० मे

मैदानावरचं टोळकं फुटलं. कुणी जात नाही. विक्रम दुकानातच बसून असतो. गिऱ्हाईक आलं तरी उठत नाही. खाली मान घालून पाइपाच्या तुकड्याशी खेळतो. मला त्याची कीव यायला हवी. येत नाही. शाल घेताना मान वर होती ना!

२४ मे

दशक्रिया झाली. वहिनीकडं भाकरी घेऊन गेले. तिनं घेतली. "बस," म्हणाली. बसले. उठून आले.

२७ मे

आज सांगितलं वहिनीला. सगळं. खलबत्ता, काळं मीठ, चौफुल्याचं मेडिकल.

ती मेथी निवडत होती. हात थांबले नाहीत. माझं बोलून संपलं तरी निवडत राहिली. मग म्हणाली, "मी तुला इचारलं हुतं."

"व्हय."

"ह्या तोंडानं इचारलं हुतं. तुझ्या घरात, तुझ्या म्होरं बसून."

"व्हय वहिनी."

"मी त्यांना येऊन सांगितलं, सविता म्हनती खरंच घेत न्हाईत. मी सांगितलं. माझ्या तोंडानं." मेथीची जुडी बाजूला ठेवली. "तवर त्यांचं मन हुईना. पाकीट फेकलं नव्हतं त्यांनी. उशाला हुतं. मी येऊन सांगितलं, तवा फेकलं."

रडली नाही. ओरडलीपण नाही. उठली, माझी भाकरीची भांडी धुतलेली होती, ती माझ्या हातात दिली. "जा आता. आन् परत भाकरी आणू नगंस."

मी सगळ्यांना हसत होते. विक्रमला, ज्ञानेशला, त्या मैदानावरच्या म्हाताऱ्यांना. वहिनीच्या दारातून आमच्या दारात यायला किती अंतर आहे? आज सरता सरेना.

२९ मे

विक्रमला सांगितलं. दुकानातून आला, हातपाय धुतले, तेव्हा. गोळीचं. पहिल्या दिवसापासूनचं.

त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला. "म्हाईत हाय."

चौफुल्याचा तो मेडिकलवाला याच्याच दुकानातून पाण्याची मोटार घेऊन गेला होता. त्यानं विचारलं म्हणे, वहिनी दर महिन्याला तुमच्या गोळ्या नेत्यात, आता बरं हाय ना? मार्चमध्ये. सत्काराच्या आधी.

"मग बोलला का न्हाई तुम्ही?"

"तू तरी कुठं बोललीस?"

दोघांनाही माहीत होतं. आप्पांनाच तेवढं नव्हतं.